कावळा आणि मफलर

क्षिप्रेच्या घाटावर पिंड ठेवून दीड तास झाला, तरी कावळा शिवेना. समोरच्या पिंपळावर बसून तो पिंडाकडे बघत होता आणि येत नव्हता.

देवासचे कवी माधवराव यांचा आज दहावा. मुलगा अंशुल ओल्या पंच्यात उभा होता. बाबांची काहीतरी इच्छा राहिली होती आणि ती मुलाने ओळखायची होती. मुलाला ती ठाऊक नव्हती. बाकी सगळ्या घाटाला ठाऊक होती.

धारहून आलेल्या सरलाताई पुढे झाल्या. निवृत्त शिक्षिका, माधवरावांना आयुष्यात कधी भेटल्या नव्हत्या. "'मफलर' कविता माझ्यावरच लिहिलीये तुम्ही," त्या पिंडाला हात जोडून म्हणाल्या. "मी सुखात आहे. माझी काळजी सोडा."

कावळ्याने मान फिरवली.

"ताई, ती माझ्या भावावर आहे," मानाजी टेलर म्हणाला. "फ्रेम करून दुकानात लावलीये मी." मग पिंडाकडे वळून, "दादा, भावाच्या पोरीचं लग्न मी लावतो. पक्कं."

कावळा एक फांदी वर गेला.

मागे रांग लागली. लोहारद्याच्या एका गृहस्थांनी बायकोची माफी मागितली. बायको शेजारीच होती. "कशाबद्दल?" तिने विचारलं. मग ते दोघं झाडामागे बोलायला गेले.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटं. मग दर्भाचा कावळा करून शिववतो. शास्त्राला चालतं."

"शास्त्राला चालेल," मानाजी म्हणाला, "पण अंशुल भिया, देवासला नाही चालणार. जन्मभर ऐकवतील."

अंशुल मागे वळला. "सरलाताई, पुस्तक आहे का?"

"तुला पाठ नाही?"

"वाचलीच नाही. बाबांची एक पण नाही. मराठी वाचताना अटकतो मी. ते म्हणायचे, जमेल तेव्हा वाच."

सरलाताईंनी पुस्तकात 'मफलर'चं पान उघडून दिलं. अंशुलने ओळीखाली बोट ठेवलं.

"गाल... फुगलेला माझा राजा... हिरव्या मफलरचं टोक... चावून चावून ओलं. डॉक्टर नको म्हणतात... आणि मी दाराबाहेर, खिशात... मावाबाटी घेऊन."

तो थांबला. "ही तर गालफुगी आहे," तो म्हणाला. "मला झाली होती. सात वर्षांचा होतो मी. मावाबाटी माझी आवडती मिठाई."

सरलाताईंनी पुस्तक ओढून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "मावाबाटी मला रूपक वाटली होती," त्या म्हणाल्या आणि पुस्तक परत दिलं. "वाच पुढे."

तो पुढे वाचू लागला. तिसऱ्या ओळीवर चांगलाच अडखळला, आणि तेवढ्यात कावळा उतरला. पिंडाला चोच लागली.

"शिवला," सगळे एकदम म्हणाले. गुरुजी पिशवी भरू लागले. "चला, आंघोळी उरका. मला दुसरीकडे जायचंय."

"थांबा," अंशुल म्हणाला. बोट ओळीवरच होतं. "दोन कडवी राहिलीत."

गुरुजी पुन्हा खाली बसले. कावळा भात खात होता. त्याला काही घाई नव्हती.