माझा प्लग कोणी काढला?

मी एक जुना पंखा आहे. छताचा नव्हे, मित्रांनो. मोटारीच्या बॉनेटखाली, रेडिएटरपाशी बसवलेला. तिथे आम्ही दोघे भाऊ. थोरला इंजिन तापलं की फिरतो, मी एसी लावला की. गाडी पळत असली तर वारा आपोआप मिळतो, पण एसी लावून सिग्नलला उभी राहिली की एकटा थोरला पुरत नाही, सगळी भिस्त माझ्यावर.

नवा होतो तेव्हा मालक पाहुण्यांना सांगायचा, "भर उन्हातही गाडी कशी थंडगार!" कौतुक व्हायचं ते एसीचं. माझं नाव कोण घेतो? चालायचंच.

सात वर्षांनी माझं बेअरिंग झिजलं आणि मी घरघरू लागलो. शेजारी माना वळवून बघायचे. मालकाला लाज वाटली. एका रविवारी त्याने बॉनेट उघडलं आणि माझा प्लगच उपसला. "एक पंखा पुरे झाला," म्हणाला. काय ती अक्कल!

मालकाची आई आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जायची. उन्हाने तिला भोवळ यायची, म्हणून एसी हवाच. पण आता एसी लावला की सिग्नलला तापमानाचा काटा थेट लाल रेघेवर. मालकाने कूलंट बदललं, थर्मोस्टॅट बदलला, मेकॅनिकच्या नावाने बोटं मोडली. प्लगबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही.

एकदा मागच्या सीटवरून आई म्हणाली, "अरे, एसी लावला की पुढून घरघर यायची. ती हल्ली येत नाही."

"आई, तुला गाडीतलं काय कळतं? गप्प बस जरा."

ती गप्प बसली. मी तर केव्हाचाच गप्प होतो.

मग एका दुपारी गाडी रांगेत अडकली. काटा चढला, मालकाने एसी बंद केला. काचा खाली केल्या तर आत नुसत्या झळा. हॉस्पिटल दोन चौकांवर असताना आईची मान कलली.

वाचली बिचारी. पण लेक तिला कायमची स्वतःकडे घेऊन गेली. "तुझ्या गाडीत आईला पुन्हा बसवणार नाही," एवढंच ती भावाला बोलली.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने एसी लावून बॉनेट उघडलं. दोन मिनिटं लागली, फक्त दोन.

"साहेब, हा प्लग कोणी काढला?"



आता मला नवं बेअरिंग मिळालंय. मी मुकाट फिरतो. मित्रांनो, कुणी कुरकुरलं तर त्याचं तोंड बंद करण्याआधी दुखतंय कुठे ते विचारा. आमची गाडी हल्ली झकास थंड असते. सिग्नलला थांबलो की मालक आरशातून मागच्या सीटकडे बघतो. तिथे कोणी नसतं.