ओस्टापच्या गोळ्यांची बाटली

मी एक तपकिरी काचेची बाटली. कारखान्यात माझ्यात व्हिटॅमिनच्या पांढऱ्या गोळ्या भरल्या आणि मी कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या एका गावात, डॉक्टर पेनरांच्या टेबलावर आले.

तिथे मला मारिकाने उचललं. तिचा नवरा ओस्टाप नुकताच वेड्यांच्या इस्पितळातून घरी आला होता. त्याला आवाज ऐकू यायचे. घरी जमलं नाही, तर त्याला पुन्हा तिकडेच पाठवणार होते.

"गुण येईलच असं सांगत नाही," डॉक्टर ओस्टापला म्हणाले. "एकाच मापाचे बूट सगळ्यांना बसतात का? शरीराचंही तसंच. तुझ्या शरीराला हे जास्त लागत असेल, बघू. पण इस्पितळाच्या गोळ्या सोडायच्या नाहीत. आणि अंग लाल होईल, घाबरू नका."

हे शेवटचं सासूबाईंना सांगायचं मारिका विसरली. पहिली गोळी घेतल्यावर ओस्टापचा चेहरा कानांपर्यंत लालभडक झाला.

"अगं सटवे, माझ्या पोराला विष घातलंस!" म्हातारी किंचाळली.

ओस्टाप मान खाजवत म्हणाला, "ओरडू नकोस गं आई. बीटाच्या रश्शात पडल्यासारखं वाटतंय, एवढंच." आणि तो हसला. किती महिन्यांनी! मारिका बाहीनेच डोळे पुसत राहिली.

तो झोपू लागला, गाई दोहू लागला. बरं वाटतंय म्हणून त्याने इस्पितळाच्या गोळ्या गुपचूप बंद केल्या. मी एकटी पुरी पडेन असं त्याला वाटलं. मी पुरी पडले नाही. आवाज पुन्हा वाढले आणि थंडीत तो कोट न घालता बर्फात निघून गेला. मारिकाला तो कुंपणापाशी सापडला, हाताची दोन बोटं गारठून काळी पडलेली.

पुन्हा इस्पितळ. वसंतात तो परतला तेव्हा त्याचा भाऊ पाव्हलो मला फेकायला निघाला.

"शहरातले मोठे डॉक्टर म्हणतात, यात काही दम नाही!"

"ठेव ती खाली," ओस्टाप म्हणाला. "आता या आणि इस्पितळाच्या, दोन्ही घेईन. आवाज येतात रे अजून. पण मी त्यांना म्हणतो, थांबा जरा, गाय दोहायचीय."

तसाच तो म्हातारा झाला आणि शेवटी आपल्या घरात, आपल्या बिछान्यात वारला. आता माझ्यात शेपूचं बी असतं.

परवा भाचीने मारिकाला विचारलं, "मावशी, खरंच त्या गोळ्यांनी गुण आला होता?"

"देव जाणे गं. पण इस्पितळात सगळे मलाच विचारायचे, हा जेवतो का, झोपतो का. पेनर डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि त्यालाच विचारलं."

मलाही याहून जास्त ठाऊक नाही. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसा. आधी त्यालाच विचारा.