नावेच्या तळाशी पाणी

"कुठंच न्हाई," सोनबा म्हणाला आणि पुन्हा नावेत वाकला.

नाव वाळूवर ओढून घेतली होती. तळातले पाणी त्याने भोपळ्याच्या तुंब्याने उपसून, उरलेले फडक्याने टिपून काढले होते, आणि आता तो एकेका सांध्यावरून बोट फिरवत होता. सांधे घट्ट होते. पण काल संध्याकाळी शेवटची माणसे उतरली तेव्हा तळात घोटाभर पाणी साचले होते. परवाही तेच. गंमत म्हणजे रिकामी नाव रात्रभर काठाला डुलत राहिली, तरी सकाळी थेंब वाढलेला नसे.

त्याची बायको तुळजाबाई भाकरी घेऊन आली होती. तिने भाकरीचे फडके सोडून दगडावर ठेवले आणि काही न बोलता घराकडे वळली. धाकटा दीर मच्छिंद्र घर सोडून गेल्यापासून ती नवऱ्याशी बोलत नव्हती. सोनबाने एक घास मोडला आणि तो तोंडात असतानाच परत नावेकडे गेला.

शनिवार पेठेच्या काठावरून मुठेपलीकडे भांबुर्ड्याला माणसे पोचवण्याचे काम या भोयांच्या घराकडे बापापासून चालत आले होते. शनिवारवाडा तेव्हा नवा होता आणि नदीवर पूल नव्हता. उन्हाळ्यात लोक गुडघाभर पाण्यातून चालत जात; पाऊस लागला की सोनबाची नाव. त्या वर्षी दसरा उलटला तरी नदी ओसरत नव्हती. वर मावळात रोज पाऊस पडत होता.

सोनबाचा जीव मुळातच थाऱ्यावर नसायचा. जेवताना उठायचा, झोपेतून उठायचा, दोर तपासून यायचा. त्यात हे पाणी. उन्हाळ्यात दोघा भावांनी मिळून नाव दुरुस्त केली होती. सांध्यांत काथ्या ठासून वर राळ-तेल भरण्याचे काम मच्छिंद्रचे. त्याचा हात चांगला होता. पण पहिल्यांदा पाणी दिसले, त्याच दिवशी सोनबाच्या तोंडून निघून गेले, "हात सांध्यावर अन् चित्त पालखीच्या दांड्यावर. मग पानी येनारच."

मच्छिंद्रला पालखीला लागायचे होते, हे घरात सर्वांना ठाऊक होते. मोठ्या लोकांच्या पालख्या वाहणारे भोई मुलुख बघून येत, आणि त्यांच्या गोष्टी तो तासन् तास ऐकत बसे.

"सांधं माझं पक्कं हायेत," तो म्हणाला.

"मग पानी काय आभाळातनं पडलं?"

"त्ये मला ठावं न्हाई. पन माझ्या सांध्यातनं न्हाई."

"उद्या मानसं बुडाली तर असंच सांग त्यांच्या घरला जाऊन."

मच्छिंद्र उभा राहिला. लग्न होऊन तुळजाबाई घरात आली, तेव्हा तो तिच्या कमरेएवढा होता. तिनेच त्याला वाढवले होते. तो तिच्या पाया पडला, घोंगडी खांद्यावर टाकली आणि गेला. चार दिवसांनी कळले, की गोपाळकृष्णपंत नावाच्या कारकुनाच्या पालखीला तो लागला आहे. फौजा वसईकडे निघाल्या होत्या आणि पंतांना तिकडे हिशेबाच्या कामावर जायचे होते.

वसईकडे जायचे तर आधी मुठा ओलांडायला हवी. हे सोनबाच्या मनातही आले नव्हते. त्या दिवशी भाकरी तशीच टाकून त्याने नाव पाण्यात लोटली, आणि थोड्याच वेळात काठावर पालखी येऊन टेकली. पुढच्या दांड्याला मच्छिंद्र होता. डोक्याला नवे मुंडासे, कमरेला लाल शेला. त्याने भावाकडे पाहिले नाही.

"नाव जाते ना पलीकडे?" पंतांनी पालखीतून डोके बाहेर काढून विचारले. म्हातारे, किडकिडीत गृहस्थ होते. "की आपण काठावरच मुक्काम करायचा?"

"जाती जी."

पालखी मधोमध ठेवली. भोई दोन्ही बाजूंनी फळ्यांवर बसले. सोनबा मागे वेळू घेऊन उभा राहिला. पुढे वल्ह्याला शेजारचा एक भोई होता. नाव काठापासून सुटली, तशी ती खाली बसल्याचे सोनबाला तळपायांना जाणवले. इतके ओझे बऱ्याच दिवसांत चढले नव्हते.

मध्यावर पोचण्याआधीच तळात पाणी आले. आधी फळ्यांखाली खळखळले, मग वर दिसू लागले. एक भोई पाय वर घेऊन ओरडला.

"बसून ऱ्हावा!" सोनबा गरजला. "कुनी उठायचं न्हाई. तुंबा घ्या, उपसा!"

तुंबा एकच होता. दोघे ओंजळींनी उपसू लागले. पाणी कमी होईना. प्रवाह नावेला मुळेच्या संगमाकडे ओढत होता. सोनबाने वेळू सोडला असता तर नाव आडवी झाली असती. त्याचे हात वेळूवर होते आणि डोळे तळात. कुठून येते आहे? कुठून?

"हे घ्या," पालखीतून आवाज आला. पंतांनी आपला संध्येचा तांब्या पुढे केला होता. "अहो, बघता काय? उपसा. जिवंत राहिलो तर घासून घेईन."

तेवढ्यात मच्छिंद्र खाली वाकला. नाव बांधायची लोखंडी कडी ज्या फळीला बाहेरून ठोकली होती, तिच्यालगतच तो बसला होता. बसायच्या फळीखाली त्याने हात घातला, चाचपला, आणि कमरेचा लाल शेला ओढून काढला.

"तळातनं न्हाई," तो म्हणाला. "वरनं येतंय. कडीच्या मागं फळी चिरलीय."

शेल्याचा बोळा त्याने चिरेत कोंबला, वर तळहात दाबला आणि तसाच, खांद्यापर्यंत भिजत, अंग मुडपून बसून राहिला. पाणी थांबले नाही, पण त्याचा जोर मोडला.

सोनबाला सगळे एका क्षणात उमगले. नाव रिकामी असली की ती चीर पाण्याच्या वर राहायची. माणसांचे ओझे चढले की खाली जायची. आणि ती कडी मच्छिंद्रने ठोकलेली नव्हती. जुनी ढिली झाली म्हणून पावसाच्या तोंडावर ही नवी सोनबाने स्वतः, घाईघाईने, जाड खिळ्यांनी ठोकली होती; तिथूनच फळी हळूहळू चिरत गेली होती.

नाव भांबुर्ड्याच्या काठाला लागली, ती घाटापासून बरीच खाली. भोयांनी पालखी उचलली, पण ओल्या फळीवरून एकाचा पाय घसरला आणि तो घोटा धरून चिखलात बसला.

"वा," पंत म्हणाले. "बुडवून झालं, आता लंगडवून झालं. पुढे आम्ही पालखी डोक्यावर घ्यायची का?"

"म्या देतो खांदा," सोनबा म्हणाला. "मुळेपतूर. तिथं काठावर दुसरा गडी मिळंल."

मच्छिंद्रने पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिले. माणूस खांद्यावर वाहायचा नाही, नदीवर वाहायचा, असे सोनबा आयुष्यभर म्हणत आला होता. नाव वाळूवर ओढून, ती वल्ह्यावरच्या शेजाऱ्याच्या हवाली करून तो आला आणि पुढच्या दांड्याखाली शिरला. पुढे मच्छिंद्र, त्याच्या मागे तो. भावाची मान त्याला हातभरावर दिसत होती. निघाले, तसा दांडा खांद्याच्या हाडावर आदळू लागला.

"मच्छिंद्रा."

"डावा पाय," मच्छिंद्र मागे न बघता म्हणाला. "दादा, डावा टाक. पालखी हालतीया."

सोनबाने पाऊल बदलले.

"तुजं सांधं पक्कं व्हतं," तो धापा टाकत म्हणाला. "कडी म्या ठोकली. फळी चिरली ती माज्या हातानं."

"डावीकडं धोंडा हाय!" मच्छिंद्रने रीतीप्रमाणे हाक दिली. मागच्यांनी ती तशीच म्हणून झेलली. सोनबानेही झेलली.

बरेच अंतर कापल्यावर मच्छिंद्रने विचारले, "वैनी बोलती का तुज्यासंगं?"

"न्हाई."

"आता बोलंल."

"चल की मग घरी," सोनबा म्हणाला. "पंतास्नी सांगू. मुळेवर दोन गडी घेतील."

"शबूद दिलाय, दादा." त्याने खांद्यावरचा दांडा सावरला. "अन् खरं सांगू? रागानं निघालो, पन आता जावंसं वाटतंय. समुद्र बघायचाय."

सोनबाने दांडा या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, जमले नाही, तसाच चालत राहिला.

मुळेच्या काठी दुसरा गडी मिळाला. पंतांनी सोनबाला नीट न्याहाळले. "पालखीत तुमचा जीव नाही हो," ते म्हणाले, "पण पोचवलंत." सोनबाने मान हलवली. मच्छिंद्र पाया पडायला वाकला, तेव्हा सोनबाने खांद्यावरचा आपला पंचा काढून त्याच्या रिकाम्या कमरेला बांधला. गाठ घट्ट बसेना म्हणून पुन्हा सोडून बांधली.

मग पालखी मुळेच्या नावेत चढली. तिथला नावाडी अनोळखी होता. सोनबा काठावर, पाणी पायांना लागेल इतका पुढे जाऊन उभा राहिला. मच्छिंद्रने मध्यावरून हात केला. सोनबाने तो पाहिलाच नाही. त्याची नजर नावेच्या कडेवर आणि तिच्याखालच्या पाण्यावर होती. ओझ्याने नाव खोल बसली होती. ती तशीच, हळूहळू, लहान होत गेली.

पलीकडे माणसे उतरली. नाव पाण्यातून वर आली, हलकी झाली आणि काठाशी डुलू लागली, तेव्हा कुठे तो माघारी वळला.