मार खाणारा हातोडा

त्या दिवशी सकाळपासून धुकं होतं. समोरच्या घराचं छप्पर दिसत नव्हतं आणि लोखंडाला बोट लावावं तर बोट गारठत होतं. अशा हवेत लोखंड आखडतं, म्हाताऱ्या माणसासारखंच. आमचा म्हातारा हेच पुटपुटत मला पिशवीत टाकून शेजारच्या घरी निघाला.

मी शिशाचा हातोडा. हातोडा म्हटलं की लोकांना वाटतं, हा दुसऱ्याला मारणारा. मी मारतो कमी आणि खातो जास्त. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. माझ्या कामात घाव घालायचाही मीच आणि सोसायचाही मीच. देवपण तेवढं यंत्राला.

माझा जन्म काही एकदाच झालेला नाही. पहिल्यांदा म्हाताऱ्याच्या वडिलांनी जुन्या नळांचं शिसं वितळवून मला ओतलं. ठोकून ठोकून माझं तोंड पसरतं, कडा लोंबायला लागतात. मग म्हातारा मला परसात नेतो, साचा तापवून कोरडा करतो, कारण ओल राहिली तर शिसं अंगावर उडतं, आणि मला पुन्हा ओततो. दांडा तोच, डोकं नवं. आता मी जुना की नवा, ते तुम्हीच ठरवा. त्याची बायको मात्र मला दारातच अडवते. म्हणते, तुमचा तो मित्र बाहेर ठेवा आणि आधी साबणानं हात धुवा, मग ताटावर बसा.

पेटीत माझ्याशेजारी एक पोलादी हातोडा आहे, चकचकीत आणि जरा ताठ. मला तो लोण्याचा गोळा म्हणतो. म्हणू दे.

तर सांगत काय होतो, शेजारचं घर. तिथली बाई वह्यापुस्तकं बांधते. सासऱ्यांच्या वेळचं कागद कापायचं यंत्र आहे तिच्याकडे, बाजूला बिडाचं मोठं चाक असलेलं. ते चाक जाम झालं होतं. आतलं तेल वाळून डिंक झालेलं, त्यामुळे चाक उतरवून साफ केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आदल्या दिवशी तिच्या जावईबापूंनी घण घेतला आणि दिले दणके. चाक हललं नाही, पण त्याचा एक टवका उडाला आणि ते ज्या लोखंडी दांड्यावर बसतं त्याचं टोक छत्रीसारखं फुललं. बाईनं त्यांचा हात धरला. बीड तडकलं तर ते सांधत नाही, आणि तसलं चाक आता कुठे मिळणार? तिनं भंगारवाल्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यायला सांगितलं आणि कुंपणावरून म्हाताऱ्याला तसं कळवलं. म्हातारा म्हणाला, जाऊ दे, पण जायच्या आधी एकदा बघू तरी.

त्यानं मला पिशवीतून काढलं तेव्हा जावईबापू हसले. "काका, हा हातोडा आहे की उशी?"

"उशीच म्हणा," म्हातारा म्हणाला. "डोकं टेकायला बरी पडते."

मग तो काहीच करेना. म्हणजे तुम्हाआम्हाला तसं वाटावं. फुललेलं टोक त्यानं कानशीनं घासून सारखं केलं. चाकाच्या मधल्या भागात तेल सोडलं आणि चहा घेतला. गरम पाण्यात फडकी पिळून चाकाला शेक दिला, गुडघ्याला द्यावा तसा. जावईबापू येरझाऱ्या घालून दमले आणि शेवटी स्वतःच फडकी पिळायला बसले. बाई मात्र रिकाम्या हातांनी दारातच उभी होती. तिचं सगळं घर त्या यंत्रावर चालायचं.

मग माझी पाळी आली. चाकाच्या मागून एकदा इकडे, एकदा तिकडे, समोरासमोर. मला आवाज नाही, नुसतं थप्प. प्रत्येक ठोक्याला चाकाचा आकार माझ्या तोंडावर उमटत होता, माझा मात्र चाकावर ओरखडा नाही. मऊ लागलं की कोपरानं खणणारे पुष्कळ भेटले मला. हा माणूस तसा नाही. ठोकतो आणि कान देतो.

धुकं विरून ऊन खिडकीत आलं तरी काही नाही. बाई हळूच म्हणाली, "राहू द्या काका, नशिबात नाही."

"थांब पोरी. आवाज बदललाय."

आणखी थोडी थप्प थप्प झाली आणि चाक केसभर सरकलं. मग बोटभर. मग दोघांनी ते उचलून अलगद खाली ठेवलं. कुठे तडा नाही. बाई पुढे आली आणि पदरानं चाकच पुसू लागली.

दिवस कलताना यंत्र पुन्हा जोडून झालं. कागदाचा गठ्ठा सुरीखालून सरळ कापून आला. भंगारवाला आला, त्याला बाईनं कातरणाचं पोतं देऊन वाटेला लावलं.

माझं तोंड तेव्हा चेपून भाकरीच्या गोळ्यासारखं झालं होतं. वाईट वाटलं का? नाही. यासाठीच तर मी मऊ आहे. तुमच्याकडे कधी जुनं यंत्र अडून बसलं, तर एवढंच करा, आधी माझ्यासारखं कुणीतरी हाताशी ठेवा.

म्हाताऱ्यानं मला उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, चला, घरी जाऊन याला ओतून टाकतो.

बाई म्हणाली, "काका, आज नका हो त्याला विस्तवावर ठेवू. आमच्या वाटचा मार खाल्लाय त्यानं. आज पडू दे निवांत."