सात नंबरचा निरोप

सुरतच्या पर्वत पाटिया भागातल्या फ्लॅटमध्ये केतकी एकटीच राहायची आणि तिथूनच काम करायची. तिच्या सॉफ्टवेअर कंपनीने तिथलं ऑफिस बंद करून सगळ्यांना घरी बसवलं, तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. पुढे पुढे मात्र तिच्या लक्षात आलं, की अख्खा दिवस जातो आणि तोंडातून एक शब्द निघत नाही. तिचा वरिष्ठ अमित बडोद्याहून काम बघायचा. त्याच्याशी सगळं लिहूनच चालायचं. आई गेल्यावर वडील बहिणीकडे पुण्याला राहायला गेले होते. दूधवालासुद्धा पिशवी दाराला अडकवून बेल न वाजवता निघून जायचा.

उन्हाळ्याच्या तोंडावर तिच्याकडे शहरातल्याच पांडेसरा औद्योगिक वसाहतीतल्या एका डाइंग मिलचं काम आलं. कापड रंगवायच्या मशीनला तिथे सगळे जेट म्हणतात. रंगाची खेप उतरली, की जेट क्लाउडवर एक निरोप टाकायचं आणि ज्यांनी ज्यांनी तो मागून ठेवलाय त्यांना तो मिळायचा: लॅबला, बॉयलरवर, ऑफिसात. ऐकतंय कोण, ह्याचा जेटला पत्ता नसायचा. ही सगळी जोडणी पूर्वी आशिष नावाच्या सहकाऱ्याने एकेक बटण दाबत हाताने केली होती. तो नोकरी सोडून परदेशी गेला आणि काय कुठे जोडलंय हे कुणालाच सांगता येईना. केतकीने आता ते सगळं कोडमध्ये लिहून काढायचं होतं, म्हणजे उद्या सगळं कोसळलं तरी एका आदेशासरशी जसंच्या तसं उभं राहील.

शोधता शोधता ऐकणाऱ्यांमध्ये एक मोबाइल नंबर निघाला. नाव नाही, गाव नाही. फक्त सात नंबरच्या जेटचा, दिवसपाळीची शेवटची खेप उतरल्याचा निरोप त्यावर जायचा. तिने मिलच्या ग्रुपवर विचारलं, कुणी उत्तर दिलं नाही. जुनं काहीतरी असेल, सोडून दे, असं अमितने लिहिलं. आपणच फोन करून बघावा, असं तिच्या मनात आलंही. पण अनोळखी माणसाशी बोलायची सवयच मोडली होती. नवी जोडणी नीट चालतेय हे पाहून तिने जुनी पुसून टाकली. त्या नंबरला मिळणारा निरोपही त्या जोडणीबरोबरच गेला.

त्याच आठवड्यात जेटवर बसवलेली, निरोप पाठवणारी उपकरणं तपासायला ती मिलमध्ये गेली. फाटकाशी बाकड्यावर एक बाई बसली होती. पहारेकरी भिकन वैतागून सांगू लागला, की ही शोभाबाई कालपासून येऊन एकच विचारतेय, सात नंबर बिघडलं का म्हणून. चालू आहे म्हटलं तर तिला पटत नाही.

केतकी थबकली. मग जाऊन बाईच्या शेजारी बसली.

शोभाबाई मिलमागच्या चाळीत राहायची, घरी साड्यांचे धागे कापायचं काम करायची. तिचा नवरा पांडुरंग वर्षानुवर्षं सात नंबर चालवत होता. घरी पोचेपर्यंत भाकरी गार होते, असं तो एकदा हसत आशिषला म्हणाला, आणि आशिषने गमतीत तिचा फोन त्या जेटला जोडून दिला. फोन वाजला की ती तवा ठेवायची. पांडुरंग पाय धुऊन येईस्तोवर पहिली भाकरी फुगलेली असायची. मागच्या दिवाळीत गावी गेलेला असताना तो छातीत दुखून गेला. जेटवर दुसरा माणूस आला. फोन मात्र वाजतच राहिला. तो बंद करा असं तिने कुणाला सांगितलं नाही.

"तो वाजना का मी तवा ठेवस," शोभाबाई तिच्या खानदेशी बोलीत म्हणाली. "आते कव्हा ठेवू, ते समजत नही."

केतकीने खाली बघतच सांगितलं, "मावशी, तो मीच काढला. कुणाचा नंबर आहे ते मला माहीत नव्हतं."

शोभाबाई रागावली नाही. 

तो निरोप पुन्हा सुरू करू द्या म्हणून विचारायला केतकी तशीच उठून मालकांकडे गेली. भूपेंद्रभाईंनी तिला बसवलं, चहा मागवला. पांडुरंग भला माणूस होता, असं मनापासून म्हणाले. पण मिलचे निरोप बाहेरच्या कुठल्याही फोनवर जाता कामा नयेत, असं माल घेणाऱ्या कंपनीने बजावलं होतं, आणि कोडमध्ये प्रत्येक नावापुढे कारण लिहायचं, हा तर केतकीनेच घालून दिलेला नियम होता.

"कारण काय लिहाल, बेन?" त्यांनी विचारलं.

केतकी उठली. चहा तसाच राहिला.

मालक नाही म्हणालेत, हे केतकीकडून ऐकून शोभाबाई पदर सावरत उठली. ती निघाल्यावर केतकी मागून म्हणाली, "तपासणीसाठी निरोप माझ्या फोनवर येतो. मी तुम्हाला फोन करून सांगत जाईन."

त्या संध्याकाळी तिने फोन लावला. दिवसभर न वापरलेला आवाज घोगरा निघाला. "मावशी, सात नंबर उतरलं." पलीकडून "बरं" एवढंच आलं आणि फोन ठेवला गेला. पुढे मग एखाददुसरं वाक्य वाढलं. वीज गेली होती, साड्यांचा गठ्ठा उशिरा आला, असंच काहीबाही. दुपार कलली की केतकी काम बाजूला सारून फोन जवळ ओढू लागली.

मे महिन्यात मिलचं काम पुरं झालं. शेवटचा हात फिरवताना अमितने ऐकणाऱ्यांमधलं केतकीचं नाव दाखवलं आणि आता हे कशाला, असं लिहिलं. त्याचं बरोबरच होतं. ती ओळ तिने स्वतःच्या हाताने काढली, आदेश दिला आणि मिलशी तिचा संबंध संपला.

संध्याकाळी घरात चिटपाखरू नव्हतं. वाट कशाची बघायची तेच कळेना. शेवटी अंदाजाने तिने फोन लावला.

"आज लवकर?" शोभाबाईने विचारलं.

"मला पण आता निरोप येत नाही, मावशी. तिकडचं काम संपलं माझं."



"मंग फोन बंद करशी का?"

"नाही," केतकी म्हणाली. "मी अशीच करत जाईन. वेळ जरा मागंपुढं होईल."

"होऊ दे, माय."

त्यानंतर बोलण्यासारखं काही उरलं नाही. पण फोन दोघींपैकी कुणी ठेवला नाही.