घरचा माणूस शेवटी

कट्टा गावच्या शाळेत बारा वर्षं दर रविवारी मोफत दवाखाना चालायचा. तो बंद पडूनही आता बरीच वर्षं झाली. डॉक्टरांना ऐंशी पूर्ण होणार म्हणून जुन्या मदतनिसांना एकदा गोळा करायचं ठरलं आणि काम अर्थातच सावित्रीच्या गळ्यात पडलं. पूर्वी रुग्णांना नंबरही तीच वाटायची, जुन्या लग्नपत्रिका कापून केलेले. सोळा जणांना तिने फोन लावले. कुणाचे केस गेले होते, कुणाचे गुडघे. पण सगळे येतो म्हणाले.

राहिला आंतोन. त्याला फोन नको, बांद्याला आपणच जायचं, असं तिने ठरवलं. ‘माझा चुकला’ हे दोन शब्द नऊ वर्षं तिच्या घशात काट्यासारखे बसले होते. ते काही फोनवर निघाले नसते.

दवाखान्याचा एक नियम होता, आणि त्याचा सगळ्यांना केवढा अभिमान! लांबचा माणूस आधी, घरचा शेवटी. लांबच्याला परतीची एसटी गाठायची असते. कट्ट्याचे काय, चालत घरी. मदतनिसांच्या घरची माणसं तर पार टोकाला. आंतोन रांग सांभाळायचा. त्याची बायको वेरोनिका एका रविवारी हळूच म्हणाली, “गो सावित्री, माका जरा डॉक्टरांका दाखवूचा आसा.” काय झालं, हे सावित्रीने विचारलं नाही. शेवटचा नंबर दिला. एक वाजला, डॉक्टर उठले. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. वर परत घेतलेल्या नंबरांत एक कमी भरला की सावित्रीच कुरकुरायची, माझे नंबर कोण पळवतंय म्हणून!

डॉक्टरांनी गाठ पाहिली तेव्हा ती छातीतून काखेपर्यंत पोचली होती. पुढचा नाताळ वेरोनिकाने पाहिला नाही. मातीला सगळे गेले. नंतर आंतोन दवाखान्यात फिरकला नाही, आणि त्याच्याकडेही कुणी फिरकलं नाही. लेकीकडे, क्लॉडियाकडे, बांद्याला गेला एवढंच कळलं.

सावित्री बांद्याला पोचली तेव्हा आंतोन दारच्या खळ्यात वाळत घातलेली कोकमाची सोलं उलटत होता.

“खंय गो वाट चुकलंस?”

“रविवारी डॉक्टरांचो वाढदिवस. सगळे येतत रे! सुदेश पुण्यासून येता, भक्ती येता, विनीता तर नातवाक घेवन. सोळा जणांक फोन केलंय. तूच ऱ्हवलंस.”

“म्हणजे मी सतरावो.”

“अरे, तू घरचो! म्हणान म्हटला, सगळ्यांचा झाला की...”

ती थांबली. पण निघायचं ते तोंडातून निघून गेलं होतं.

आंतोनने हात धुतले. आत जाऊन तो प्रार्थनेचं जाडजूड पुस्तक घेऊन आला. पानापानांत खुणेला पत्रिकांचे तुकडे होते. एकूण अकरा. चाळीस, अडतीस, त्रेचाळीस... सावित्रीचंच अक्षर. मागे अर्धे गणपती, अर्ध्या नवऱ्यामुलींची नावं.

“तू शोधी होतंस ते हेच मा? वेरोनिकान जपून ठेवलेले. दर खेपेक म्हणायची, पुढच्या रविवारी लागतलो नंबर.”

“आंतोन, माझा चुकला रे.”

निघाले एकदाचे शब्द. बाहेर पडल्यावर अगदीच लहान दिसले.

“तुझ्या एकट्याचा नाय ता. नंबर तू दिलंस, हाताक धरून शेवटाक मियाच बसयलंय.” त्याने एकेक नंबर पुन्हा आपापल्या पानात घातला. “पण त्याच्या नंतरची नऊ वर्सां, बाये? तेव्हा मी कितवो होतंय?”

आत क्लॉडिया कपबश्या काढत होती.

“येतलंस मा रविवारी?” तिने कसंबसं विचारलं.

“तुझी गाडी कितीक?”

“सवापाचची. पण माका घाय नाय रे. मागची मेळात. तुझ्यासाठीच इलंय मी.”

आंतोन उठला. तिची पिशवी उचलून त्याने फाटकापाशी नेली आणि तिथेच उभा राहिला, रांग थोपवताना राहायचा तसाच. एक हात आडवा, दुसरा वाट दाखवणारा.

“नको,” तो म्हणाला. आवाज अगदी मऊ होता. “तू जा. लांबचो माणूस पयलो.”