जावयाचा लॅपटॉप आणि माझा पहारा

मंचरच्या आमच्या कांदा कंपनीत मेलचा पहारा माझ्याकडे आहे. पात्रता: बी.एस्सी., तीही वनस्पतिशास्त्रातली. मेलच्या वाटेवर मी एक प्रॉक्सी बसवलीय. कुणी परका आमच्या नावावर जगाला फालतू मेल पाठवू लागला, की ती त्याला अडवते आणि ज्याची लाइन असेल त्या नेटवाल्याकडे आपोआप तक्रार धाडते. हे मी इतक्यांदा सांगितलंय, की मला येताना पाहून हमाल चहा घाईघाईने संपवतात.

सोमवारी सकाळी नेटच बंद. चेअरमन धर्माजींच्या धाकट्या मुलीचा, आरतीचा, चेहरा उतरला. कांदा पावडरीची तिची पहिली परदेशी ऑर्डर. होकार बारापर्यंत कंपनीच्याच मेलवरून जायला हवा होता. साडेअकरा झाले होते.

मी फोनवर नेटवाल्याला झापलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमच्या लाइनीवरून स्पॅम चाललाय. कालपासून एकशेचाळीस तक्रारी आल्यात."

"कुणाच्या?"

"तुमच्याच."

मग डोक्यात प्रकाश पडला. धोंड्याचा महिना. थोरले जावई सुदर्शनराव मुक्कामी; ऑफिसमागेच धर्माजींचं घर, आणि लाइन एकच. जावयाला कशाला पासवर्ड विचारायचा, म्हणून त्यांचा लॅपटॉप मीच घरच्यांच्या यादीत घातला होता. त्यातला व्हायरस मेलवर मेल सोडत होता, पण घरचा म्हणून प्रॉक्सीने त्याला अडवलं नाही. तक्रार मात्र इमानाने केली.

"ते मशीन बंद करा, तसं लेखी द्या, मग लाइन सोडतो," नेटवाला म्हणाला.

धर्माजींनी हातच जोडले. "धोंड्यात जावयाला लॅपटॉप मागायचा? मी न्हाई बोलणार राव. तुमी बोला."

मी पहारेकरी; मी छताकडे पाहिलं.

पावणेबाराला आरती उठली. आतल्या खोलीत सुदर्शनराव सिनेमा डाउनलोड करायच्या खटपटीत होते.

"दाजी, लग्नात तुमचे बूट पळवले व्हते, आठवतंय?" म्हणत तिने मांडीवरचा लॅपटॉप उचलला आणि पसार झाली. मेहुणीवर रागावणार कोण!

"लई वांड हाय ही!" दाजी खूश.

मी मोबाइलवरून लेखी दिलं. चूक कोणाची: माझी. यंत्राची सद्यस्थिती: बंद करून कांद्याच्या गोण्यांमागे लपवले आहे.

बाराला तीन मिनिटं असताना होकार गेला.

लॅपटॉप परत देताना आरतीने अट घातली, "आधी यांच्याकडून साफ करून घ्यायचा."

सुदर्शनरावांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "यांच्याकडून? हे तर झाडाझुडपांचे ना?"